दोन सूत की तीन सूत? बोरिंग बारची टिप ओळखताना

येताना खिशात बोरिंग बारच्या, म्हणजे लेथवर भोक आतून कातणाऱ्या दांड्याच्या, तीन टिपा टाकून आणल्यात. टिप म्हणजे बारच्या टोकाला बसणारा, कापणारा, बदलता येणारा तुकडा. मागच्या बाकांवरून दिसायच्या नाहीत, चहाच्या वेळी हातात घेऊन बघा. एक ८० अंशांची चौकट, एक ५५ अंशांची निमुळती, एक तिकोनी. तिन्ही सोनेरी. आपण दुकानदाराला फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, "अशीच द्या." फोटोत त्याला दिसतो तो कोटिंगचा रंग. माप दिसत नाही.

बारवरचा नंबर शाबूत असेल तर प्रश्नच मिटला. समजा, एस१६क्यू-एससीएलसीआर ०९. शँक, म्हणजे बारचा दांडा, १६ मिलिमीटर, क्यू म्हणजे लांबी १८०. पुढचा एस म्हणजे टिप स्क्रूवर बसते. मग सी, हा आकार, ८० अंशांची चौकट. एल म्हणजे धार ९५ अंशांत. नंतरचा सी क्लिअरन्सचा, म्हणजे टिप घासू नये म्हणून धारेखाली बाजूला दिलेल्या उताराचा, ७ अंश. आर उजवा. ०९ ही धारेची लांबी. त्यातले दोन सी उचला, टिप सापडली: सीसीएमटी ०९टी३. मधला टी३ जाडीचा. शेवटी ०४ आलं की नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, ०.४.

पण आपल्याकडचे बार जुने, नंबर घासून गेलेले. मग व्हर्नियर काढा आणि चौकटीच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर घ्या. ६.३५ भरेल, नाहीतर ९.५२. हे आकडे विचित्र का? कारण ते मुळात इंचातले आहेत. पाव इंच आणि तीन अष्टमांश. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपले जुने मिस्त्री म्हणायचे दोन सूत, तीन सूत, तेच हे! गंमत म्हणजे अमेरिकन नंबरात अजून सूतच चालतं. तिथे सीसीएमटी २१.५१ लिहितात, त्यातला पहिला २ म्हणजे दोन सूत. आपली ०६०२०४ तीच.

इथे एक खड्डा आहे. सीसीएमटी ०६, डीसीएमटी ०७, टीसीएमटी ११, नंबर तीन, पण आत बसणाऱ्या वर्तुळाचा व्यास (चौकटीत वर मोजलेलं अंतर तेच) तिघींचा दोन सूतच. नंबर धारेच्या लांबीचा असतो, म्हणून आकारागणिक बदलतो.

आता माझी फजिती. जुन्या बाजारातून एक बार आणला, तिकोनी घराचा, म्हणजे टिप बसायचा खाचा तिकोनी. बरोबर झिजलेली टिप होती, तिच्यावरच सेंटर लावलं, म्हणजे तिची धार स्पिंडलच्या मध्याच्या उंचीला आणली. बाजू मोजली, ११ भरली, टीसीएमटी ११०२०४ मागवली. बसलीसुद्धा. २० मिलिमीटरच्या बोअरला पहिल्याच कटात बार असा किंचाळला की शेजारच्या शेडमधला माणूस बघायला आला. दोन दिवस मी स्पिंडलच्या बेअरिंगला शिव्या घातल्या. घर निघालं टीपीएमटी ११०३ चं. पी म्हणजे क्लिअरन्स ११ अंश, आणि जाडी ३.१८. माझी टिप २.३८ ची. ७ अंशांची टिप ११ अंशांच्या भिंतीला नुसती रेघेवर टेकलेली, आणि धार ०.८ ने सेंटरखाली. बाहेरच्या टर्निंगला धार थोडी खाली गेली तर निभतं. बोअरमध्ये टाच, म्हणजे धारेखालचा भाग, बोअरच्या भिंतीला घासते. २० च्या बोअरला ०.८ खाली म्हणजे क्लिअरन्सचे सुमारे साडेचार अंश तिथेच गेले. सातातून साडेचार गेल्यावर उरलं काय? मी बाजू मोजली, जाडी मोजलीच नव्हती.

नोज रेडियसबद्दल थोडक्यात. ०.४ च्या जागी ०.८ लावली तर त्याच फीडला (दर फेऱ्याला टूल पुढे सरकतं तेवढ्याला) फिनिश कागदावर दुपटीने सुधारते. बार व्यासाच्या चौपट बाहेर काढलेला असेल तर कागदावरच राहते, बार थरथरतो. बोअरला मी ०.४ च लावतो. डबीवरचा रंगही बघा: लाल बीडाला, निळा स्टीलला, पिवळा स्टेनलेसला. आपल्या कोल्हापुरातल्या शिरोली-गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत बीडच जास्त, तरी कपाटात निळ्या डब्या का भरलेल्या असतात, हे मला कळलेलं नाही.

आणि घर रिकामंच असेल, टिपच नसेल तर? अंदाजाची टिप स्क्रू न लावता घरात ठेवा, दोन्ही भिंतींना दाबून धरा आणि भोकातून खाली बघा. खालचे आटे भोकाच्या बरोब्बर मध्ये दिसायला नकोत. आतल्या कोपऱ्याकडे किंचित सरकलेले दिसले पाहिजेत, म्हणजे स्क्रू आवळताना टिप भिंतींकडे ओढली जाते. आटे बाहेरच्या बाजूला दिसले तर ती टिप परत डबीत टाका.