धड रस्त्यावर डांबर कशाला?

(तालुक्याच्या वाचनालयातील व्याख्यानमालेत एका निवृत्त उपअभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नोकरीत असताना एक प्रश्न मला दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये हमखास यायचा. रोलर चालू असायचा, डांबराच्या धुरानं डोळे चुरचुरत असायचे आणि कुणीतरी मोटरसायकल बाजूला लावून विचारायचं, "साहेब, हा रस्ता तर धड आहे की! आमच्या वस्तीकडं गुडघाभर खड्डे पडलेत, ते सोडून इथं कशाला डांबर ओतताय?" त्या वेळी उत्तर द्यायला सवड नसायची. आता पेन्शनीत सवडच सवड आहे, म्हणून उभा राहिलो.

आपण घर कधी शाकारतो? मे महिन्यात. गळायला लागल्यावर नाही. एकदा वाशात पाणी मुरलं की कौलं बदलून भागत नाही, वासाच उतरवावा लागतो. रस्त्याचं तसंच आहे. आपल्या बहुतेक ग्रामीण रस्त्यांवर वरचं कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा थर, असतं २० मिलीमीटरचं, त्यावर सीलकोट, म्हणजे फटी बुजवणारा पातळ हात. सगळं मिळून बोटाचं एक पेर. ट्रकचं वजन हे पेर पेलत नाही, ते खालची खडी आणि त्याखालचा मुरूम पेलतो. कारपेटचं मुख्य काम छपराचं. पाणी खाली उतरू द्यायचं नाही.

आणि छप्पर जुनं होतंच. ऊन आणि हवा लागून डांबर कडक होतं, त्यातला चिवटपणा जातो, खडी एकेक करून सुटायला लागते. बारीक भेगा पडतात, त्या चालत्या गाडीतून दिसत नाहीत. त्या बघायची एक युक्ती सांगतो. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासानं रस्त्यावर जा. सगळा रस्ता वाळलेला असतो, पण भेगांच्या रेघा मात्र ओल्याच असतात. काळ्या पाटीवर कुणी पाण्यानं नक्षी काढावी तशा. त्या रेघांच्या कडेला पांढुरका, पिवळसर गाळ सुकलेला दिसला, तर समजायचं की उशीर झाला. चाक आलं की आतलं पाणी दाबलं जातं आणि खालची बारीक माती घेऊन वर उडतं. रोज थोडी थोडी माती बाहेर येते, आत पोकळी होते, आणि एका सकाळी तिथं खड्डा असतो. लोक म्हणतात, "एका पावसात रस्ता गेला." एका पावसात जात नाही हो, तो चार पावसाळे आतून जात होता.

म्हणून खालची खडी शाबूत आहे तोवरच नवा थर द्यायचा. पाया सुटल्यावर सगळं उकरून नव्यानं बांधायचं, तर त्याच पैशात कितीतरी किलोमीटर रस्ते शाकारून झाले असते. हे हिशेबाला सोपं आहे. माणसाला समजावणं अवघड. कारण जो रस्ता वाचला त्याचा फोटो निघत नाही, उद्घाटन होत नाही. आणि वस्तीवरच्या माणसाचंही चुकत नव्हतं. खड्ड्यात त्याचीच बायको पडलेली असते.

आता उसाचं बोलू. इथं निम्मे ऊसवाले बसलेत, रागावू नका. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात वेगवेगळ्या वजनाचे ट्रक तयार केलेल्या रस्त्यांवरून रात्रंदिवस फिरवले आणि नुकसान मोजलं. त्यातून जो नियम निघाला, तो आजही आम्ही वापरतो: आसावरचं, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. ट्रकच्या एका आसावर १० टन आणि मोटारीच्या आसावर अर्धा टन धरा, म्हणजे वीसपट. सोळा हा दोनचा चौथा घात, तसाच वीसचा चौथा घात करा. १,६०,०००. एक आस गेला आणि दीड लाखाहून जास्त मोटारींचे आस जाऊन आले. मग दोन ट्रॉल्या लावून, वर हात पोचणार नाही इतका ऊस रचून तुमचा ट्रॅक्टर जातो, तेव्हा काय होत असेल! काळ्या रानातून जाणारा रस्ता असेल तर आणखी वाईट. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, आणि रस्त्याची कड आधी फाटते.

वजनापेक्षाही पाण्याचं मला जास्त बोलायचंय. पावणेचार मीटर रुंदीचा एकपदरी रस्ता घ्या. त्याचा मध्य कडेपेक्षा साडेचार-पाच सेंटिमीटर उंच पाहिजे. एवढ्याशा उतारावर पावसाचं पाणी बाहेर पडायचं असतं. नवा थर देताना हा उतार नीट काढला नाही, तर कारपेट कितीही चकचकीत असो, ते थाळीसारखं पाणी धरून बसतं. उतारावरून पाणी साईडपट्टीवर येणार, तिथून चरात. आणि चर कुठाय? शेतात ट्रॅक्टर न्यायला प्रत्येकानं तो मातीनं बुजवलाय, खाली पाइपसुद्धा न टाकता. मग पाणी तिथंच तुंबून रस्त्याच्या पोटात शिरतं. सरकारनं रस्ता दिला, आपण त्याचा पाट केला.

बरं, नवा थर पडला म्हणजे रस्ता सुरक्षित झाला, असं मला पूर्वी वाटायचं. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यांतली सुमारे दोन-तृतीयांश ग्रामीण भागात. यात गुळगुळीत रस्तेही आहेत. खड्डे होते तेव्हा तीसनं जाणारा पोरगा डांबर झालं की सत्तरनं जातो, वळण मात्र जुनंच असतं. म्हणून वळणावरचे फलक, कडेचे पांढरे पट्टे हे शेवटी पैसे उरले तर करायचं काम नाही. रात्री समोरून दिवा डोळ्यावर आला की माणूस मधली रेघ बघत नाही, डावीकडची कड शोधतो. तिथला पट्टा त्याला घरी पोचवतो.

आणि कड. ५० मिलीमीटरचा मजबुतीकरणाचा थर आणि वर २० चं कारपेट, म्हणजे रस्ता सात सेंटिमीटर वर आला. साईडपट्टी तिथंच राहिली. अशी दोनदा कामं झाली की चौदा सेंटिमीटरची पायरी तयार होते. समोरून एसटी आली, एकपदरी रस्त्यावर मोटरसायकलवाल्यानं चाक खाली घातलं, की परत वर घेताना ते कडेला घासतं, चढत नाही. आणि चढलं तर एकदम चढून गाडी आडवी होते.

माझ्या हाताखाली असं एक काम झालं. मार्च अखेर होती, निधी परत जाईल म्हणून धावपळ. डांबर झालं, साईडपट्टी उचलायचा मुरूम आठवडाभरात टाकतो म्हणून ठेकेदारानं सांगितलं, आणि डांबराचं बिल माझ्या सहीनं गेलं. मुरूम जूनपर्यंत आला नाही. एका पहाटे दूध घालायला जाणारा माणूस त्या कडेवरून गेला. वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. मी जागेवर गेलो तेव्हा कॅन चरात पडलेले होते, आणि माझ्या नव्याकोऱ्या काळ्या रस्त्यावर दुधाचा पांढरा ओघळ उतारानं बरोबर कडेला गेलेला होता. उतार अगदी पाहिजे तसा काढला होता आम्ही. त्यानंतर कडेचा मुरूम दाबून झाल्याशिवाय मी एकही बिल पुढं पाठवलं नाही. दोन बदल्या त्यापायी झाल्या, त्याचं काही नाही.

तुमच्या गावात काम सुरू झालं तर तुम्ही काय बघायचं? डांबर टाकण्याआधी रस्ता झाडला का ते बघा. धुळीवर डांबर चिकटत नाही. माल ताडपत्रीखाली आला का बघा. तो पसरताना १४० अंशांच्या आसपास गरम हवा आणि ९० च्या खाली जायच्या आत रोलर फिरून व्हायला हवा. थर्मामीटर साईटवर असतोच, दाखवा म्हणा. ट्रॉलीत माल गोळे होऊन पडत असेल तर थर्मामीटरचीही गरज नाही. आणि रोलर निघून गेल्यावर घरी जाऊ नका, मुरमाच्या गाड्या कधी येणार ते विचारा. त्या गाड्या आल्या की उभे राहून मोजा, आणि बुजवलेला चर त्याच दिवशी उकरून घ्या, जेसीबी तिथंच असतो.