समोर साहेब आहे की मशीन?

राम राम मंडळी! जळगाव, धुळे, नंदुरबार, जिथं कुठं ऐकताय तिथं आवाज जरा वाढवा. फैजपूरकडचे एक केळीवाले काका, त्यांना विम्याचा मेल आला, "आपला अर्ज मिळाला", काकांनी लगेच उत्तर टाकलं, "साहेब, वादळात बाग आडवी झाली, पंचनामा कधी?" काहीच नाही. परत लिहिलं. तिसऱ्या मेलात तर साहेबांच्या पोराबाळांची खुशालीपण विचारली! अहो पण समोर साहेबच नाही ना भो, सॉफ्टवेअर बसलंय तिथं.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यात "नोरिप्लाय", म्हणजे "उत्तर पाठवू नका", दिसलं तर विषयच संपला, पण दरवेळी दिसेलच असं नाही. मग कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, त्या मेलच्या उजव्या बाजूची तीन टिंबं दाबा, तिथं "शो ओरिजिनल" आहे. इंग्रजीचा ढीग येईल, घाबरू नका, त्यात फक्त "ऑटो-सबमिटेड" ही ओळ शोधा. पुढे "ऑटो-जनरेटेड" असेल तर मशीननं आपणहून पाठवलेला, "ऑटो-रिप्लाइड" असेल तर तुमच्या मेलला आपोआप आलेलं उत्तर.

ही ओळ आली 2004 च्या आरएफसी 3834 मधून, म्हणजे इंटरनेट कसं चालावं हे सांगणाऱ्या कागदांपैकी एका कागदातून, आणि ती मुळात मशीनसाठीच आहे बरं का. समजा भुसावळचं एक ऑफिस दिवाळीला बंद, "मी सुट्टीवर आहे" असं उत्तर लावून ठेवलंय, आणि समोरच्यानंपण तेच लावलंय. याचं त्याला, त्याचं याला, दोघंही घरी फराळ खाताय आणि इकडं इनबॉक्स भरतोय! म्हणून नियम असा की ही खूण दिसली की मशीननं गप्प बसायचं. युनिक्स नावाच्या कॉम्प्युटर सिस्टीमवरचा, सुट्टीचं उत्तर पाठवणारा जुना "व्हेकेशन" प्रोग्राम तर कोणाला उत्तर दिलं याची यादीच ठेवायचा, एका माणसाला आठवड्यातून एकदाच. हुशार काम!

आपला मेल पोचला नाही आणि परत आला की पाठवणारा म्हणून "मेलर-डीमन" दिसतो, तोही मशीनच. त्या इंग्रजीच्या ढिगात "लिस्ट-अनसबस्क्राइब" ही ओळ असेल तर बहुतेक जाहिरात किंवा न्यूजलेटर.

गोची एकच. ही खूण पाठवणाऱ्यानं स्वतः लावायची असते, आणि ठग कशाला लावेल? म्हणजे ओळ नाही दिसली तर माणसानंच लिहिलंय असं धरू नका. त्याच पानावर वर "एसपीएफ", "डीकेआयएम" या पाठवणाऱ्याच्या तपासण्यांपुढं "पास" दिसेल, पण त्यावरून मेल कुठल्या डोमेनचा, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढं असतं त्या नावाचा, एवढंच कळतं. पैशाचा विषय असला तर मेलातल्या नंबरवर नको, घरातल्या पॉलिसीच्या कागदावर जो नंबर छापलाय त्याच्यावर फोन लावा.