सदाफुलीची किती पानं खायची?

सदाफुलीपासून कर्करोगाचं औषध निघतं असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग रोज किती पानं खायची? हिशेबच करून पाहू.

सदाफुलीच्या सुक्या पानांत व्हिन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाचं प्रमाण सुमारे 0.0003 टक्के, म्हणजे किलोला 3 मिलिग्रॅम. प्रौढ रुग्णाला एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. कणही वाया गेला नाही असं धरलं, तरी एका डोसला सुमारे पाऊण किलो सुकी पानं लागतील. शिवाय त्या पानांत शंभराहून जास्त इतर अल्कलॉइडं, म्हणजे व्हिन्क्रिस्टिनसारखी नायट्रोजनयुक्त रसायनं, आहेत. त्यातली काही रक्तदाब उतरवतात. आणि व्हिन्क्रिस्टिन पोटातून भरवशानं रक्तात जात नाही, म्हणून ते शिरेतूनच देतात. शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस जळतं. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं, तर रुग्ण बहुधा वाचत नाही. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावं, असा आग्रह असतो.

पानातून ते काढायचं कसं? पानांची पूड आम्लयुक्त पाण्यात भिजवली की अल्कलॉइडं क्षाररूपात पाण्यात उतरतात. मेद आणि हरितद्रव्य वेगळं करायचं, मग अमोनियानं पाणी अल्कधर्मी करायचं. आता अल्कलॉइडं पाण्यात राहायला तयार नसतात, ती सेंद्रिय द्रावकात ओढून घेता येतात. खरं कष्टाचं काम इथून पुढे. व्हिन्क्रिस्टिन आणि सदाफुलीतलंच दुसरं कर्करोगाचं औषध व्हिनब्लास्टिन यांच्या रेणूंत जेमतेम एका अणुगटाचा फरक आहे आणि ते क्रोमॅटोग्राफीच्या, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगवेगळ्या वेगानं पुढे सरकवणाऱ्या, स्तंभातूनच सुटे होतात. तयार औषधही 2 ते 8 अंशांत, उजेडापासून लांब ठेवावं लागतं. काढा उकळताना यातलं काहीच सांभाळलं जात नाही.

गंमत म्हणजे सदाफुली लोकांत प्रसिद्ध होती ती मधुमेहासाठी. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1950च्या दशकात तोच दावा तपासला. उंदरांची साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. पांढऱ्या पेशी रोखणारं हे द्रव्य शोधताना व्हिनब्लास्टिन हाती आलं. परंपरेनं झाड दाखवलं, आजार दुसराच निघाला.

मूळ रेणू तसाच्या तसा चालतो असंही नाही. कॅम्पटोथेसिन या कर्कपेशी मारणाऱ्या दुसऱ्या वनस्पतिज द्रव्याचंच बघा. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांच्या गटानं 1966 साली ते एका चिनी झाडातून वेगळं केलं. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही ते असतं. पण ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून 1970च्या सुमारास त्याचा सोडियम क्षार करून रुग्णांना दिला. क्षार करताना रेणूतलं लॅक्टोन नावाचं अणूंचं कडं उघडलं आणि औषधाचा जोर गेला. मूत्राशयातल्या आम्ल लघवीत तेच कडं पुन्हा मिटलं, औषध नको तिथं जागं झालं आणि रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं. चाचण्या थांबल्या. रेणूत बदल करून घडवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही दोन औषधं अमेरिकेत मान्य झाली ती 1996 साली.

प्रयोगशाळेत अमुक अर्कानं कर्कपेशी मेल्या, या बातमीकडे त्याच नजरेनं पाहावं. बशीतल्या पेशी ब्लीचनंही मरतात. किती मात्रेला मेल्या, निरोगी पेशींचं काय झालं आणि तेवढी मात्रा रक्तात पोचते का, हे विचारायचं. हळदीतलं कर्क्युमिन तिसऱ्या प्रश्नाला अडतं. दिवसाला काही ग्रॅम घेतलं तरी रक्तात ते नाममात्रच सापडतं.

उपचार चालू असताना वरून घेतलेली वनस्पती निरुपद्रवी असेलच असंही नाही. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम) वाढवते. इरिनोटेकॅनच्या रुग्णांनी ती घेतली, तेव्हा रक्तातलं कामाचं द्रव्य 42 टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. अशा वेळी रुग्णाला वाटतं औषध लागू पडत नाही आणि डॉक्टरला कारण कळत नाही. तेव्हा काढा, चूर्ण, गोळी काहीही चालू असेल तर नुसतं नाव सांगू नका. एकाच नावानं दोन-तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. डबीच घेऊन जा.