डॉक्टरला माझ्याबद्दल कसं कळणार?

(अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या सातारा-सांगलीकर मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला 'आहार आणि आरोग्य' हा विषय दिला होता. पण गेल्या रविवारी आमच्या घरात जे भांडण झालं, त्यानंतर भाकरी चांगली की ओट्स चांगले यावर बोलायला मन तयार होईना. म्हणून त्यांच्या परवानगीनं विषय बदलते आहे.

भांडण एका पत्रावरून झालं. इथल्या एका विद्यापीठातून आलं होतं. दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे, तुम्ही दोघं भाग घ्याल का? रक्त द्यावं लागेल, स्कॅन होईल, अधूनमधून फोन येईल. मी फॉर्म भरायला घेतला. नवरा म्हणाला, "आपण काय प्रयोगाचे उंदीर आहोत का? रक्त आपलं, आणि उद्या औषध निघालं की पेटंट त्यांचं." एकाला दोन शब्द झाले, आवाज चढले. तेवढ्यात आमची बारा वर्षांची मुलगी पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "बाबा, तू नाही म्हणालास, सगळेच नाही म्हणाले, तर मी मोठी झाल्यावर डॉक्टरला माझ्याबद्दल कसं कळणार?"

एवढं बोलून ती गेली. आम्हा दोघांनाही पुढे काही बोलता येईना.

खरंच कसं कळतं डॉक्टरला? दहा वर्षांत हार्ट अटॅक येण्याची शक्यता अमुक टक्के, असं आपल्याला सांगतात. त्या आकड्यामागचं मूळ ज्ञान बरंचसं मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम या गावातून आलं. १९४८ साली तिथल्या ५,२०९ बायका-पुरुषांना घेऊन अभ्यास सुरू झाला. मग त्यांची मुलं आली, मग नातवंडं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी काय संबंध आहे ते जगाला या गावानं शिकवलं, आणि सरकारनं पिढ्यानपिढ्या पैसे दिले म्हणून ते जमलं. त्या गावाचे आपल्यावर उपकारच आहेत. पण सुरुवातीचे ते पाच हजार लोक जवळपास सगळे गोरे होते.

आता तुमचे वडील, काका, मामा डोळ्यांसमोर आणा. माझे वडील सांगलीच्या हळदपेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. विश्रामबागेतून सायकलवर जायचे, सायकलवर यायचे. कंबर एवढी बारीक, की पट्टा पुरायचा नाही म्हणून घरीच खिळा तापवून त्याला आणखी एक भोक पाडलेलं. विडी नाही, तंबाखू नाही. चौपन्नाव्या वर्षी गेले, सकाळी, चहा पिताना. भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणत होता, "एवढा काटक माणूस, ह्यांना कसं काय झालं?" या हॉलमध्ये बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी हे वाक्य बोललं गेलंय, मला माहीत आहे.

त्याचं निम्मंअर्धं उत्तर पुण्यात मिळालं. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. आपल्याच आया-मावश्यांसारख्या, शेतात राबणाऱ्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायका. त्यांची बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं हाडानं, मांसानं कमी भरली, पण त्यांच्या अंगात चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळी, आत चरबी. ती मुलं पुढे सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा तपासली गेली. म्हणजे आजार पन्नाशीत दिसतो, पण त्याची तयारी आईच्या पोटात सुरू होते.

याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तो फोटो पाहिला तेव्हा मला आमच्या घरातला तो पट्टाच दिसला. भोकं मोजून काही कळणार नव्हतं.

इथे अमेरिकेत हीच गोष्ट दक्षिण आशियाई लोकांच्या 'मसाला' नावाच्या अभ्यासानं दाखवली. २०१० मध्ये शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को या भागांत तो सुरू झाला. वजन 'नॉर्मल' असूनही साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स, चांगलं कोलेस्टेरॉल यांतल्या किमान दोन गोष्टी बिघडलेल्या असे लोक गोऱ्यांमध्ये २१ टक्के होते, आपल्यात सुमारे ४४ टक्के. २०१५ पासून इथल्या डायबेटिस असोसिएशनचं म्हणणं आहे, की आशियाई माणसाची साखर बीएमआय २३ झाला की तपासा, २५ ची वाट बघू नका. २०१८ पासून हृदयाच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हा जोखीम वाढवणारा घटक म्हणून लिहिलेला आहे. ही दोन वाक्यं कागदावर यावीत म्हणून कुणीतरी रक्त दिलं, आणि कुणीतरी त्याचे पैसे भरले.

औषधांचंही तेच. स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू नये म्हणून क्लोपिडोग्रेल देतात. गोळी पोटात गेली म्हणजे काम झालं असं नाही, यकृतानं ती कामाला लावावी लागते. पूर्व लंडनमध्ये २०१५ पासून बांगलादेशी आणि पाकिस्तानी लोकांचा मोठा अभ्यास चालू आहे. त्यात दिसलं, की ५७ टक्के लोकांचं शरीर ते काम कमी करतं, काहींचं जवळजवळ करतच नाही. शंभरातल्या सत्तावन्न जणांना ही गोळी हवी तितकी लागू पडेलच असं नाही, आणि हे कळलं कधी? २०२३ मध्ये! गोळी तर त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घरांत येत होती.

आता पैशाकडे वळते, कारण माझा मुद्दा तोच आहे. १९९२ ते २०१८ या काळात अमेरिकेच्या एनआयएचनं, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या सगळ्यांत मोठ्या संस्थेनं, आशियाई आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांवर केंद्रित असलेल्या अभ्यासांना एकूण बजेटच्या ०.१७ टक्के दिले. शंभर रुपयांतले सतरा पैसे! आणि त्या सतरा पैशांत चिनी, कोरियन, फिलिपिनो, हवाईयन आणि आपण, सगळे. २०२२ मध्ये दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराची जागृती आणि संशोधन यासाठीचं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं. सिनेटमध्ये अडकलं. त्या वर्षी आपल्यापैकी किती जणांनी आपल्या सिनेटरला एक फोन केला?

रागावू नका, पण आज मला थोडं रागवायचंय. दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं एका संध्याकाळी संपतात. ढोलपथकाचे नवे ढोल आले, फार छान वाजतात, मीही नाचले. २०१९ ला कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाचे फोटो फोनवर यायला लागले, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही, पैसे आपोआप आले. म्हणजे आपला हात आखडता नाही. पण संशोधन म्हटलं की आपण म्हणतो, ते सरकार बघेल, कंपन्या बघतील. आणि अभ्यासाचं पत्र आलं की जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं.

माझ्या नवऱ्याच्या भीतीला मी खोटं म्हणत नाही. २००८ च्या कायद्यानं आरोग्यविमा कंपनीला आणि नोकरी देणाऱ्याला तुमची जनुकीय माहिती तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. पण आयुर्विमा आणि म्हातारपणाच्या देखभालीचा विमा यांना तो कायदा लागू नाही. हे विचारायलाच हवं. फॉर्मवर सही करण्याआधी विचारा: माझी माहिती कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, मी मध्येच सोडलं तर पुसणार का, निष्कर्ष मला कळवणार का? नीट उत्तर मिळालं नाही तर सही करू नका. पण पत्र न वाचता फेकणं मला पटत नाही.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जन्मलेले किती जण आहेत इथे? बघा किती हात वर आले. डॉ. वानलेस यांनी ते १८९४ मध्ये सुरू केलं, आणि त्याला पैसा लागला तो साता समुद्रापलीकडच्या देणगीदारांचा. त्यांनी आपली मिरज कधी पाहिली नव्हती. याज्ञिकांच्या त्या सहा गावांच्या अभ्यासालाही लंडनच्या वेलकम ट्रस्टचा पैसा होता. आपल्या आजारांचं कोडं सोडवायला वारंवार दुसऱ्यांनी खिशात हात घातलाय.

आणि आपल्याकडे तर याची शिकवण घरातलीच आहे. कर्मवीर अण्णांचं बोर्डिंग कशावर चाललं? मुष्टिफंडावर. घरोघरच्या बायकांनी मूठमूठ धान्य बाजूला काढलं. लक्ष्मीवहिनींनी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. साताऱ्यातल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. आपल्यातल्या निम्म्या लोकांचे वडील-आजोबा रयतच्या शाळेतून शिकले, म्हणून आज आपण इथे खुर्च्यांवर बसलो आहोत. तोच मुष्टिफंड आपण पुन्हा सुरू करू शकतो. प्रत्येक कार्यक्रमाच्या तिकिटातले थोडे पैसे बाजूला काढायचे आणि आपल्यातले जे डॉक्टर अशा अभ्यासांना जवळून ओळखतात, त्यांच्या सल्ल्यानं ते द्यायचे. कार्यकारिणीसमोर मी हा ठराव ठेवणार आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही, आणि ती न सांगता खाली बसणं बरोबर होणार नाही. २०२५ मध्ये एनआयएचची शेकडो अनुदानं मध्येच थांबवली गेली. त्यांत आरोग्यातल्या विषमतेवरची बरीच होती. सरकार हात काढून घेणार असेल आणि ज्याचा त्यानं आपापल्या लोकांसाठी पैसा उभा करायचा असेल, तर आपलं जमेल. आपल्याकडे मंडळ आहे, इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत. 'मसाला'मध्ये सुरुवातीला आलेले लोकही बहुतेक भारतीय आणि उच्चशिक्षितच होते. पण शिकागोच्या देवॉन अव्हेन्यूवरच्या हॉटेलात भांडी घासणारा बांगलादेशी मुलगा, पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारा, विमा नसलेला माणूस, यांचं रक्त कोण तपासणार? त्यांचं मंडळ नाही, त्यांना दुपारी सुट्टी काढून स्कॅनला जाता येत नाही. आपण आपल्यापुरता मुष्टिफंड काढला, तर अण्णांच्या बोर्डिंगासारखी सगळ्यांची एक पंगत होणार, की फक्त आपली? सरकारच्या जागी आपण उभं राहायचं, की सरकारला जाब विचारायचा? दोन्ही करायला पुरेल एवढी आपली ताकद आहे का?

याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. जेवणानंतर मी खजिनदारांच्या टेबलाजवळ बसते आहे. माझा नवराही तिथे असेल, त्याचं म्हणणं तो स्वतः मांडेल. फॉर्मवर त्यानं अजून सही केलेली नाही.