बिब्यातली गोडंबी

चोपडा तालुका. सातपुड्याचा पायथा. माघातली सकाळ.

पानं गळून झाड उघडं पडलंय, पण फांद्यांच्या टोकांना फळांचे घोस आहेत. वर नारिंगी, गुबगुबीत देठ आणि त्याला चिकटलेला काळाभोर बिबा. काजू आठवला ना? आठवणारच. काजू, आंबा, बिबा, सगळे एकाच कुळातले.

पिकलेला देठ गोड-तुरट लागतो. वाळवून, भाजूनही खातात. बिबा मात्र कुणी दाताने फोडायला जात नाही. त्याच्या जाड टरफलात तेल भरलेलं असतं. वारा लागला की ते काळंकुट्ट होतं. पूर्वी परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करायचे. कितीही आपटलं तरी खूण जात नसे. आणि कातडीला लागलं, की बिबा उततो. आधी खाज, मग लाली, मग पाण्याने टरारलेले फोड. चालत्या कामात कुणी बिब्बा घातला असं आपण म्हणतो, ते उगाच नाही.

आयुर्वेदातला भल्लातक तो हाच. चरकसंहितेने त्याला रसायनांत, म्हणजे बळ देणाऱ्या, तारुण्य टिकवणाऱ्या औषधांत बसवलंय. औषधाला पाण्यात बुडेल तोच बिबा निवडायचा, विटेच्या भुकटीत घोळून त्याचं तेल उतरवायचं, अशी रीत. हे काम जाणत्या वैद्याचंच. घरी करून बघू नका, हे हात जोडून सांगणं.

आता या मावशींच्या हातांकडे बघा. बोटांना तेल चोपडलंय, वर राख. तरीही नखांच्या कडा काळ्या, मनगटावर जुने डाग. दगडावर बिबा धरायचा आणि बेताचा एकच टोला. जोरात बसला तर आतली बी चुरते. मी वाकून एक बिबा उचलायला गेलो, तर त्या ओरडल्याच, “हात लावू नको भाऊ, उतस!”

टरफल उकललं. आत पांढुरकी, बदामाच्या चवीची गोडंबी. शंभर ग्रॅममध्ये साधारण 26 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे शेंगदाण्याच्या तोडीस तोड, आणि 36 ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ही पडते ती यासाठीच. शहरात पाकीट फोडून ती कढईत टाकताना हे हात कुणाला दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

सूप भरत आलंय. विकायचा माल मावशी पिशवीत ओततात. अख्ख्या, न चुरलेल्या मूठभर गोडंब्या मात्र वेगळ्या फडक्यात बांधतात. सुनेला आठवा लागलाय.