खजिना, पाव आणि शिपाई

श्रोतेहो, नमस्कार. भुकेमुळे क्रांती होते, असं आपण सहज बोलून जातो. पण भूक दर दुष्काळात असते आणि राजेही टिकून असतात. गादी हलते ती तीन गोष्टी एकदम आल्यावर: खजिना रिकामा, पाव महाग आणि शिपाई गोळी झाडायला नाखूश. लक्षात ठेवा, खजिना, पाव, शिपाई.

फ्रान्समध्ये 1788 साली सरकारी खर्चातला निम्मा पैसा कर्जफेडीत जात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतला होता, त्याचा भार होताच. दरबाराचा खर्च जेमतेम सहा टक्के! राणीच्या दागिन्यांनी देश बुडवला, ही निव्वळ सोयीची समजूत. जमाखर्च वाचायचा कंटाळा, दुसरं काय. सरदार आणि धर्मगुरूंना कित्येक करांतून सूट. नव्या करांना पॅरिसच्या न्यायपीठानं नकार दिला, म्हणाले, इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता यांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवा. ही सभा 1614 नंतर भरलीच नव्हती.

त्यात जुलै 1788 मध्ये गारपीट झाली, मग कडाक्याचा हिवाळा. चार पौंडांचा पाव 9 सूवरून (सू म्हणजे तिथलं छोटं नाणं) फेब्रुवारी 1789 मध्ये साडेचौदा सूवर गेला. मजुराची रोजची कमाई 20 ते 30 सू. आता घरभाडं, सरपण कुठून आणायचं, ते तुम्हीच सांगा.

आणि आता 5 ऑक्टोबर 1789. पॅरिसचा बास्तीय हा तुरुंग-किल्ला जमावाच्या हाती पडून तीन महिने होत आले, तरी पावाच्या रांगा तशाच. सकाळी पॅरिसच्या बायका नगरभवनावर चालून गेल्या, तिथली शस्त्रं आणि तोफा घेतल्या आणि पावसात निघाल्या व्हर्सायला, राजाच्या राजवाड्याकडे. वीसेक किलोमीटर, चिखल तुडवत सहाएक तास! राजाला भेटायला आत गेलं ते मोजक्या बायकांचं शिष्टमंडळ. राजानं धान्याचा हुकूम दिला. काही जणी खूश होऊन परतल्या. बाकीच्या मात्र हलेनात. कागदावरचं धान्य पॅरिसला पोहोचेलच याची हमी काय? राजाच पॅरिसला हवा.

मध्यरात्रीच्या सुमारास सेनापती लाफायेत नॅशनल गार्ड, म्हणजे पॅरिसची नागरी फौज, घेऊन पोहोचला. त्याला खरं तर यायचं नव्हतं. पण शिपायांनीच त्याला भाग पाडलं. इथं मेख आहे, श्रोतेहो: सेनापती फौजेच्या मागून चालत होता. पहाटे जमाव राजवाड्यात शिरला, राजाचे दोन रक्षक मारले गेले. दुपारी राजाची गाडी पॅरिसच्या वाटेला लागली, सोबत पिठाच्या गाड्या. लोक राजा, राणी आणि राजपुत्राला उद्देशून ओरडत होते, "बेकरीवाला, बेकरीवाली आणि त्यांचं पोर आणलं!" राजा सोळावा लुई पुन्हा व्हर्सायला राहायला गेला नाही, आणि इस्टेट्स जनरलमधूनच उभी राहिलेली राष्ट्रीय सभाही त्याच महिन्यात त्याच्यामागोमाग पॅरिसला आली. आता कायदे करणारे आणि पावाच्या रांगेत उभे राहणारे एकाच शहरात होते, आणि सभागृहाच्या सज्जात बसून लोक आपल्या प्रतिनिधींना थेट टोमणे मारू लागले.