वाकळ आळसानं नाही मेली
(गंगाखेड इथं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बसा, बसा. मागे खुर्च्या नसतील तर पुढं सतरंजी आहे. वाकळीवर ऐकायला आलात, खाली बसायला कसली लाज?

पत्रिकेत विषय छापलाय, ‘गोधडी का संपली?’ गोधडी म्हणजेच आपली वाकळ. त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक गाऱ्हाणं. एका लग्नात शेजारच्या पाटावरचे गृहस्थ म्हणाले, “हल्लीच्या बायकांना कुठं जमतंय वाकळ शिवायला? टीव्ही सुटला तर ना!” मी विचारलं, “तुम्ही धोतर नेसता का?” म्हणाले, “छे!” म्हटलं, “मग तुमच्या घरची वाकळ कशाची शिवायची? या सफारीची?” वाढपी जिलेबीचं ताट घेऊन तिथंच थांबला. ते गृहस्थ मात्र मठ्ठ्यात बुडाले ते वर आलेच नाहीत.

आणि गंगाखेडात उभं राहून जनाबाईचं नाव नको घ्यायला? कथा तुम्हाला पाठ आहे. विठ्ठल जनीकडे आला, पहाटे काकड्याच्या घाईत तिचीच वाकळ पांघरून देवळात गेला, शेला आणि पदक तिच्याकडे राहिलं. पदकासाठी जनीला सुळावर द्यायला निघाले. देव वाकळ पांघरून उभा होता, त्याची चौकशी कुणी केली का? बायकांच्या कामाचं हे असंय.

तर आमचं घर. दोन आज्या, एक सख्खी, एक चुलत. जावा-जावा. चुली वेगळ्या, ओसरी एक. पेरणीच्या आधी, उन्हाळ्यात, वाकळ घालायची. सारवलेल्या ओसरीवर लुगडं ताणून अंथरायचं, कोपऱ्यांवर वरवंटा, अडशेरी, हाताला येईल ते वजन. त्यावर आजोबांची विरलेली धोतरं, उसवलेले सदरे. गुंड्या आधी काढून डब्यात. वरून दुसरं लुगडं. आणि इथं भांडण.

कारण वाकळीला दोन अंगं, पण घडीवर दिसणार एकच. ते कुणाच्या लुगड्याचं? आमची आजी म्हणायची, थोरलीचा मान. धाकटी म्हणायची, “माझं इरकल माहेरचं हाय. त्याला काय भुईवर लोळवू?” त्या इरकलीचा रेशमी टोपपदर तिनं आधीच कापून नातवाच्या कुंचीला ठेवलेला. रेशीम आणि सूत धुण्यात सारखं आटत नाही, हे तिला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नव्हतं.

दोघी समोरासमोर बसून शिवायच्या, कडेनं सुरू करून चौकोनी फेऱ्या घालत आत आत. बोलणं बंद, सुया चालू. निरोप्या मी.

“तिला म्हणावं, टाका लांब पडायलाय.”

“हिला म्हणावं, चष्मा पूस.”

दोघींमध्ये हातभर अंतर!

आजोबांनी निवाडा दिला, उन्हाळ्यात एक अंग वर, हिवाळ्यात दुसरं. पाळतंय कोण? सकाळी घडी घालताना जी आधी उठेल ती आपलं लुगडं वर काढायची. मग काय, दोघींची पहाटे उठायची शर्यत. आजोबा म्हणायचे, “या भांडणापायी म्हशी तरी येळेवर पिळून होतात.”

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘विषयावर यावे. सात मिनिटे.’ अहो साहेब, या वयात सात मिनिटांत सुईत दोरा ओवून होत नाही!

भराभर सांगते. वाकळीत कापूस भरत नाहीत, ती गादी. थरांमध्ये हवा अडकते, तिची ऊब. नवं कापड खळीचं, ताठ. पाच-सहा थरांतून सुई घालताना बोटांची चाळण होते. वर्षानुवर्षं धुतलेलं लुगडं मऊ पडतं, सुई अलगद जाते. म्हणजे वाकळीचा कच्चा माल झिजलेलं सूत. ते झिजायला आधी कुणीतरी रोज अंगावर घालायला नको?

१९७२च्या दुष्काळानंतर बघता बघता टेरिकॉटचे सदरे आणि पॉलिएस्टरच्या गोल साड्या घरोघर शिरल्या. बायांना आवडल्या, आणि बरोबर आवडल्या. पिळलं की वाळलं, इस्त्री नको, विरणं नाही. टँकरच्या पाण्यावर धुणं काढणारीला हा केवढा आराम! पण जे विरत नाही त्याची वाकळ होत नाही. थर एकमेकांवरून घसरतात. सूत हवेतून वजनाच्या आठेक टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून अंगाला घामेजतं. चुलीची ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं एनएचएच-४४ सारखं कापसाचं वाण दिलं, रानं पांढरी झाली, आणि आपल्या बाजेवर कृत्रिम धाग्याचं मिंक ब्लँकेट! यात बायकांचा आळस कुठं आला?

मागून प्रश्न आलाय, मशीनवर चालेल का? चालेल. पण मशीन जाड थर खालून-वरून आवळतं, धुतल्यावर फुगे येतात, उसवायला दिवस जातो. हाताचा धावदोरा सरसर निघतो; विरलेला थर काढायचा, दुसरा घालायचा. आणि कापड अजून आहे हो घरात. परकर, लुंग्या, गाऊन, पलंगपोस बहुधा सुतीच असतात. त्यांना फरशीवर धाडू नका. सुती ओढणीही आतल्या थराला चालते, फक्त जाळीची नको, सुई अडकते.